रोजच्या कामाला जुनी व्हॅन घेताना

वैजापूरच्या बाजारात बैलजोडी घ्यावयाची असली म्हणजे आपण काय करतो? आधी दात बघतो. खुरांवरून हात फिरवतो. चार पावले चालवतो आणि जाणता माणूस असेल तर औताला जुंपून दाखवा म्हणतो. एवढे झाल्यावर मग किमतीची गोष्ट. पण तोच माणूस जुनी मोटार घ्यावयास गेला म्हणजे रंग बघतो, टेप वाजते का ते बघतो आणि इसार देऊन मोकळा होतो. पुढे सहा महिन्यांनी गाडी गॅरेजात आणि मालक एस.टी.च्या थांब्यावर! आज ह्याच विषयावर थोडे बोलावयाचे आहे. दूध, भाजीपाला, कांद्याच्या गोण्या, किराणा, मंडपाचे सामान असे रोजचे काम करणाऱ्याने काटकसरीची जुनी व्हॅन कशी पारखावी?

प्रथम व्हॅन म्हणजे कोणती गाडी ते पाहू. माल नेणाऱ्या लहान गाड्या दोन कुळांतल्या. एक कूळ मुळातच ओझ्यासाठी जन्मलेले. २००५ साली आलेली टाटा एस, जिला आपण छोटा हत्ती म्हणतो, ती ह्या कुळातली. पहिल्या छोट्या हत्तीला ७०२ सी.सी.चे, दोन सिलिंडरचे डिझेल इंजिन होते. दुसरे कूळ मोटारीच्या घरातले. इंजिन मोटारीचे, चालविण्याची ढब मोटारीची, पण अंग डब्यासारखे. १९८४ साली आलेली मारुती व्हॅन ही त्यातली आपल्याकडे सर्वांत ओळखीची. मारुती ८०० ह्या मोटारीसारखेच ७९६ सी.सी.चे, तीन सिलिंडरचे पेट्रोल इंजिन तिला होते. पुढे १९८८ साली तिचे नाव ओम्नी झाले आणि २०१९ साली तिचे उत्पादन थांबले. तिची थोरली बहीण ईको २०१० साली आली. तिचे इंजिन प्रथम ११९६ सी.सी.चे होते. २०२२ च्या अखेरीस तिला नवे, ११९७ सी.सी.चे इंजिन मिळाले. दोघींचेही इंजिन पुढच्या आसनाखाली असते आणि जोर मागच्या चाकांना मिळतो. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पारख करताना ती कामाला येणार आहे.

ह्या व्हॅनचा फायदा असा की सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात, मिस्त्रीचा हात त्यावर बसलेला असतो आणि पावसात माल भिजत नाही. मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. रोज टनभर ओझे ओढावयाचे असेल तर हे काम तिचे नव्हे. खोंडाला नांगराला जुंपल्यासारखे होईल ते. गाडीच्या पाटीवर आणि नोंदणीपुस्तकात एकूण वजनाचा आकडा असतो. त्यातून रिकाम्या गाडीचे वजन वजा करा. जे उरते त्यात चालवणारा, सोबतचा आणि माल असे सगळे बसले पाहिजे.

आता हिशेब. गुरुजींनी हा हिशेब फळ्यावर मांडावा, मुलांनाही तो समजेल. समजा, एक गृहस्थ शिऊरकडून वैजापूरला आणि आसपास रोज ६० किलोमीटर फिरतो, महिन्याचे २५ दिवस. म्हणजे १,५०० किलोमीटर झाले. आकडे सोपे राहावेत म्हणून पेट्रोल १०० रुपये लिटर धरू. आज पंपावर जो भाव असेल तो आपण घालावा. नीट निगा राखलेली गाडी लिटरला १५ किलोमीटर चालली तर महिन्याला १०० लिटर, म्हणजे १०,००० रुपये. दुसरी गाडी झिजलेली, १२ किलोमीटर देणारी. तिला १२५ लिटर लागतील, म्हणजे १२,५०० रुपये. फरक महिन्याला अडीच हजारांचा, वर्षाला ३०,००० चा. आता ही झिजलेली गाडी ४०,००० रुपयांनी स्वस्त मिळाली म्हणून कोणी आनंदाने आणली, तर तो आनंद सोळा महिन्यांत संपला. पुढे प्रत्येक महिन्याला पदरचे जाणार. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हेच.

पण पेट्रोल हा एकच खर्च नव्हे. समजा गाडी दोन लाखांना घेतली आणि चार वर्षांनी एक लाख वीस हजारांना विकली. ८०,००० रुपये झिजले, म्हणजे महिन्याला सुमारे १,६६७. विमा व सरकारी देणी महिन्याला १,००० धरा. हा झाला बांधलेला खर्च, २,६६७ रुपये. गाडी दारात उभी राहिली तरी तो चुकत नाही. टायर, ऑइल आणि दुरुस्ती ह्यांना महिन्याला १,५०० धरू. पेट्रोल १०,०००. एकूण १४,१६७ रुपये. त्याला १,५०० ने भागा. किलोमीटरला साधारण साडेनऊ रुपये पडले.

आता हीच गाडी महिन्यात आठच दिवस लागते असे समजा. किलोमीटर झाले ४८०. पेट्रोल आणि दुरुस्तीचा खर्च त्या मानाने ३,६८० रुपयांवर येईल, पण २,६६७ चा बांधलेला खर्च तसाच राहील. एकूण ६,३४७, म्हणजे किलोमीटरला सव्वातेरा रुपये. गावात भाड्याची गाडी ह्याहून कमी दराने येत असेल तर विकत घेण्याचा विचार सोडून द्यावा. कित्येकदा चांगली खरेदी म्हणजे न केलेली खरेदी! कर्ज काढून गाडी घेणाराने तर व्याजही ह्या बेरजेत धरावे.

हिशेब पटला तर मग गाडी बघावयास निघा. सकाळी जा, आणि मालकाला आधी निरोप द्या की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. गरम इंजिन आपले दुखणे लपवते, थंड इंजिन ते सांगते. आसन उचलून इंजिनावर हात ठेवा. ते कोमट लागले तर समजा की आपल्यासाठी तयारी करून ठेवली आहे. चालू केल्यावर मागे जाऊन धूर बघा. निळसर धूर आला तर इंजिन ऑइल खात आहे. काळा धूर आला तर पेट्रोल वाजवीपेक्षा जास्त जळत आहे. थंडीच्या दिवसांत थोडी पांढरी वाफ निघते, तिची चिंता नाही, पण इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर निघत राहिला तर पाणी आत शिरत असावे. इंजिन बंद असताना ऑइल भरावयाचे झाकण उघडा. आतून दह्यासारखे पांढरे लागलेले दिसले तर ऑइलात पाणी मिसळल्याची ती खूण असू शकते. अशी गाडी मिस्त्रीने तपासून निर्वाळा दिल्यावाचून घेऊ नये.

यानंतर गाडीची जमीन. आपल्या भागात ही पारख विशेष महत्त्वाची. व्हॅनमधून दुधाचे कॅन गेले असतील, ओली भाजी गेली असेल, खताच्या गोण्या गेल्या असतील. सांडलेले पाणी आणि खताचे क्षार चटईखाली दडून पत्रा खातात. म्हणून चटई उचलाच. सरकत्या दाराची खालची पट्टी, चाकांवरच्या कमानी, मागच्या दाराचा उंबरा येथे बोटाने दाबून आणि हलके ठोकून बघा. वरून नवा रंग आणि खालून भरीव आवाजाऐवजी फसफसीत आवाज आला तर तेथे पत्र्याऐवजी लांबी भरली आहे असे समजा. इंजिन दुरुस्त होते हो, पण कुजलेले अंग पुन्हा पुन्हा कुजते.

मग चालवून बघा, आणि रिकामी नव्हे. चार माणसे बसवा किंवा काही गोण्या टाका. बैल औताला जुंपून बघण्याचा हा प्रकार. एखाद्या चढावर वरच्या गिअरमध्ये जोर द्या. इंजिनाचा आवाज वाढला आणि वेग मात्र वाढला नाही, तर क्लच झिजला आहे. गाडी सोडताना खालून ठक् असा आवाज आला तर मागच्या चाकांकडे जोर नेणाऱ्या दांड्याचे सांधे ढिले असावेत. वेगात मागून घुं-घुं असा सूर येत राहिला तर मागच्या चाकांमधला दातेरी डबा किंवा चाकाचे बेअरिंग तपासून घ्या. सरळ रस्त्यावर ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढू नये. चांगली अर्धा तास चालवा, म्हणजे ती तापते की काय तेही कळेल.

किती किलोमीटर चालली ह्या आकड्यावर फार विसंबू नका. तो आकडा मागे फिरवता येतो. पायाखालचे रबर, स्टिअरिंगची झीज आणि आसनाची दबलेली गादी ही खरी साक्ष देतात. टायरच्या अंगावर चार आकडे कोरलेले असतात. २३२१ असे असेल तर तो टायर २०२१ सालच्या २३ व्या आठवड्यात तयार झाला. नक्षी शिल्लक असली तरी जुन्या, चिरा पडलेल्या टायरचा पैसा किमतीतून वजा करावा. गॅसवरची गाडी असेल तर सी.एन.जी.ची नोंद नोंदणीपुस्तकात हवी आणि टाकीची दर तीन वर्षांनी करावयाची तपासणी झालेली हवी. शिवाय आपल्या रोजच्या वाटेवर गॅसचा पंप आहे का ते आधी बघा. नाहीतर वाचलेला पैसा गॅस आणण्यातच जावयाचा.

पेट्रोलबद्दलही एक सूचना. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. एप्रिल २०२३ पूर्वीच्या बहुतेक गाड्या ह्या मिश्रणासाठी घडवलेल्या नाहीत. त्यांची लिटरमागची चाल थोडी घटते आणि जुन्या रबरी नळ्या लवकर कडक होऊ शकतात. गाडी घेतल्यावर पेट्रोलच्या नळ्या बघून घ्याव्यात. खर्च थोडा, पण आगीचा धोका टळतो.

आता कागदपत्रे. येथे गुरुजींची फार मदत होऊ शकते. नोंदणीपुस्तकातला चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक गाडीवरच्या क्रमांकांशी अक्षर अक्षर ताडून पाहा. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर विमा, कर्जाचा बोजा आणि थकलेले दंड पाहता येतात. बोजा असेल तर तो उतरल्याचा नमुना ३५ आणि बँकेचा दाखला मागा. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर तेथील ना हरकत दाखला लागतो. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरपाटी लावणे राज्यात सक्तीचे केले आहे, ती लावली आहे का ते पाहा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे गाडी तपासून पाच वर्षांसाठी ती वाढवून घ्यावी लागते, तिची फी २०२२ पासून बरीच वाढली आहे आणि पर्यावरण करही भरावा लागतो. म्हणजे २०१३ सालची ओम्नी आज स्वस्त दिसली तरी २०२८ साली हा खर्च दारात उभा राहणार. तो आजच किमतीत धरा.

सौदा झाल्यावर नमुना २९ आणि ३० भरून गाडी नावावर करून घ्या. कायद्याने घेणाऱ्याला ३० दिवसांची मुदत आहे, आणि विमाही १४ दिवसांत आपल्या नावे करण्यास अर्ज द्यावयाचा असतो. 'सह्या करून ठेवल्या आहेत, कधीही नावावर करा' असे म्हणणे दोघांच्याही गळ्याशी येते. विकणारांनीही हे ऐकावे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव, तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार. गाडी विकून दोन वर्षे झाली, पैसे खर्चून गेले आणि एक दिवस न्यायालयाची नोटीस घरी आली, असे होऊ नये.

आणखी एक. पांढऱ्या पाटीची गाडी ही खासगी वापराची. तिच्यातून भाड्याने लोकांचा माल किंवा माणसे नेणे कायद्याला धरून नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. भाड्याचा धंदा करावयाचा असेल तर मालवाहू म्हणून नोंदलेली, पिवळ्या पाटीची व्हॅनच घ्यावी. तिला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी योग्यता तपासणी लागते. परंतु एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असेल तर मालवाहतुकीच्या परवान्याची गरज नाही. चालकाकडे हलक्या वाहनाचे लायसन्स असेल तर ७,५०० किलोपर्यंतची अशी गाडी तो चालवू शकतो, हे न्यायालयाने २०२४ साली कायम केले आहे.

शेवटी जिवाची गोष्ट. ह्या गाड्यांना पुढे नाक नाही. समोरून धडक बसली तर गाडी आणि चालकाचे गुडघे ह्यांत अंतर थोडे. २०१६ साली हवेची उशी नसलेल्या ईकोची धडक चाचणी झाली तेव्हा मोठ्या माणसांच्या सुरक्षिततेत तिला एकही तारा मिळाला नव्हता. म्हणून शक्य असेल तर हवेची उशी असलेली अलीकडची गाडी घ्या, पट्टा बांधा आणि वेग आवरा. मालाच्या गोण्या दोरीने बांधा, नाहीतर ब्रेक लागताच त्या पाठीत येतात. आणि मालाच्या व्हॅनमध्ये गोण्यांवर पोरांना बसवून शाळेत पाठवू नका. त्यासाठी पाच रुपये वाचवणे कोणालाच परवडणारे नाही.

तर मंडळी, आधी काम मोजा, मग खर्च मोजा, मग थंड इंजिन, पत्रा आणि लादलेली गाडी पारखा, आणि कागद पुरे झाल्यावाचून पूर्ण पैसे देऊ नका. सोबत ओळखीचा मिस्त्री न्या, त्याला त्याचे शेपाचशे रुपये आनंदाने द्या. बैल घेताना आपल्या आज्यापणज्यांनी जी सबुरी दाखवली, तीच लोखंडाच्या ह्या बैलालाही लागते.