शहाळे, केळे आणि बाटलीतील फुलरोप

पुणे-सातारा रस्त्यावरील शिवरे गावाहून पुण्याची गुलटेकडीची फुलबाजारपेठ जवळ आहे. या पट्ट्यातील एखाद्या शेतकऱ्याने हरितगृहात जरबेरा लावावयाचे ठरविले, तर दहा गुंठ्यांस सुमारे ६,००० ते ७,००० रोपे लागतात आणि ती बहुधा ऊतिसंवर्धनाने, म्हणजे प्रयोगशाळेत बाटलीत वाढविलेली असतात. त्यांवर होणारा खर्च मोठा असतो. अशा वेळी ‘शहाळ्याचे पाणी व केळ्याचा गर घालून ही रोपे फार स्वस्तात होतात’ असे कानी आले, म्हणजे शेतकऱ्यास मोह पडणे साहजिक आहे. यात तथ्य किती, हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यास सांगता आले पाहिजे.

झाडाच्या शेंड्याचा वा कळीचा लहानसा तुकडा निर्जंतुक करून बाटलीतील खाद्यावर ठेवतात. या खाद्यात क्षार, जीवनसत्त्वे, लिटरला २० ते ३० ग्रॅम साखर आणि ते घट्ट होण्यासाठी ७-८ ग्रॅम अगर असते. तुकड्यास फुटवे यावेत म्हणून संप्रेरक अगदी अल्प, मिलिग्रॅमच्या मापाने घालतात. मुराशिगे व स्कूग या शास्त्रज्ञांनी १९६२ साली प्रसिद्ध केलेले क्षारांचे प्रमाण आजही सर्वत्र वापरात आहे.

शहाळ्याच्या पाण्याची कथा त्याहून जुनी आहे. १९४१ साली अमेरिकेत व्हॅन ओव्हरबीक व त्यांचे सहकारी धोतऱ्याच्या कोवळ्या बियांतील गर्भ काढून वाढवू पाहत होते. साध्या खाद्यावर ते इवलेसे गर्भ वाढेनात; नारळाचे पाणी घालताच वाढू लागले. याचे कारण नारळातच आहे. ते पाणी म्हणजे निसर्गाने नारळाच्या स्वतःच्या गर्भासाठी साठविलेले अन्न होय. साखर, अमिनो आम्ले यांजबरोबर पेशींचे विभाजन घडविणारी संप्रेरकेही त्यात असल्याचे पुढे दिसून आले. पुण्यातही त्याचा उपयोग झाला आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील नाडगौडा, परशरामी व मस्करेन्हास यांनी बांबूच्या रोपांस बाटलीतच फुले आणली व ते काम १९९० साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. जो बांबू रानात कित्येक दशकांनी फुलतो, तो काही महिन्यांत फुलला! त्या खाद्यात नारळाचे पाणी होते. मात्र त्याच्या जोडीला मोजून घातलेले संप्रेरकही होते, हे विसरता कामा नये.

फुलझाडांत अशा वनस्पतिजन्य पदार्थांचा खरा मान आहे तो आमरीत, म्हणजे ऑर्किडमध्ये. सह्याद्रीतील झाडांच्या खोडांवर दिसणारी ‘सीतेची वेणी’ याच कुळातील. आमरीचे बी धुळीसारखे बारीक. त्यात अन्नसाठा जवळजवळ नसतोच. रानात एका विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजते. ती बुरशी नसतानाही साखर दिल्यास बी रुजते, हे नडसन यांनी १९२२ साली दाखविले. आज रुजलेल्या रोपांच्या खाद्यात लिटरला १०० ते १५० मिलिलिटर शहाळ्याचे पाणी, अथवा ५० ते १०० ग्रॅम पिकलेल्या केळ्याचा गर घालतात. कोठे बटाट्याचा अर्कही वापरतात. केळे मात्र बी रुजतेवेळी घातलेले बरे नाही, रुजण्यास ते बाधते. रोपे दुसऱ्या बाटलीत हलविल्यानंतर त्याचा मुळे व पाने वाढण्यास चांगला उपयोग होतो. एका बोंडात हजारो बिया असतात. त्यांतील थोड्या जरी अशा वाढविल्या, तरी रानातील आमरी ओरबाडून आणण्याचे कारण उरत नाही.

मग जरबेऱ्यास हे का नको? कारण एक शहाळे दुसऱ्यासारखे नसते. कोवळेपण, जात, साठवण यांप्रमाणे त्यातील द्रव्ये बदलतात. जरबेऱ्याच्या सहा हजार रोपांची वाढ सारखी हवी असते. एका खेपेस फुटवे भरपूर आणि दुसऱ्या खेपेस तुटपुंजे, हे परवडत नाही. म्हणून तेथे मोजलेले संप्रेरकच घालतात. शिवाय रोपाची किंमत वाढते ती प्रामुख्याने मजुरी, वीज, बुरशी लागून फुकट गेलेल्या बाटल्या आणि परदेशी जातींचे स्वामित्वधन यांमुळे; शहाळ्याने त्यांतील काहीच कमी होत नाही. त्यामुळे केवळ ‘सेंद्रिय खाद्यावर वाढविलेले’ म्हणून कोणी स्वस्त रोप देऊ केले, तर मातृवृक्ष कोणता, जात कोणती, किती वेळा पुनर्लागण केली, हे आधी विचारावे. एकच संवर्धन फार वेळा वाढवीत गेल्यास रोपे मूळ जातीपासून ढळण्याचा धोका असतो, आणि ते हरितगृहात फुले येईपर्यंत कळत नाही. तोवर वाफे, ठिबक, खत या सर्वांवरील खर्च होऊन गेलेला असतो. शहाळ्याचे पाणी वाफ्यात ओतण्याचा प्रयोगही करू नये. बाटली निर्जंतुक असते, वाफा नसतो. तेथे साखरेवर प्रथम मुंग्या व बुरशीच येणार.

बाटलीतून काढलेली रोपे शेतकरी स्वतः वाढविणार असेल, तर मुळांस चिकटलेले खाद्य कोमट पाण्यात हलक्या हाताने पूर्ण धुवावे. केळ्याचे खाद्य असल्यास विशेष काळजी घ्यावी, कारण तो गर मुळांत अडकून राहतो व कुजतो. जरबेऱ्याची रोपे निर्जंतुक केलेल्या कोकोपीटमध्ये, आमरीची कोळसा व नारळाच्या सोडणाच्या तुकड्यांत लावावीत. प्रारंभी दाट सावली व भरपूर दमट हवा ठेवून पुढे तीन-चार आठवड्यांत प्रकाश हळूहळू वाढवावा. पाणी फवाऱ्याने द्यावे. कुंडीत साचू देऊ नये.