परक्या शहरातली मैफल

पब म्हटले की आपल्याकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे आधी पेला उभा राहतो. माझ्याही राहिला होता. त्यामुळे लंडनमध्ये एका रविवारी दुपारी "मामा, चला, आयरिश संगीत ऐकायला जाऊ," असे म्हणून भाच्याने मला पबात नेले, तेव्हा मी अवघडूनच संत्र्याचा रस घेऊन कोपऱ्यात बसलो आणि व्यासपीठ कुठे दिसते का ते पाहू लागलो. ते नव्हतेच!

एका टेबलाभोवती सहासात मंडळी बसली होती. कोणाकडे फिडल (म्हणजे आपले व्हायोलिनच), कोणाकडे बासरी, तर एकाच्या मांडीवर बकऱ्याच्या कातड्याने मढवलेले डफासारखे वाद्य. निम्म्यांची तर आमच्याकडे पाठ! एकाने चाल धरली. ज्याला ती येत होती तो सामील झाला. ज्याला येत नव्हती तो वाद्य मांडीवर ठेवून ऐकत राहिला. चाल दोनतीनदा फिरली आणि मध्ये न थांबता दुसरीत मिसळून गेली. कोणापुढे स्वरलेखनाचा कागद नव्हता. टाळ्या वाजवाव्यात की नाही, या विचारात मी पडलो. भाचा हळूच म्हणाला, "मामा, ते आपल्यासाठी नाही, एकमेकांसाठी वाजवताहेत. आपल्याला फक्त जवळ बसू देतात."

आयरिश लोक याला 'सेशन' म्हणतात. पाहणाऱ्याला वाटावे, शेकडो वर्षांची रीत असेल. चाली जुन्या आहेत हे खरे. पण पबात जमून त्या वाजवण्याची रीत त्या मानाने अलीकडची, आणि ती रुजण्यात लंडनचा वाटा मोठा. आयर्लंडच्या खेड्यांत हे संगीत घराघरांत, चुलीपाशी, नाचासाठी वाजे. 1935 च्या कायद्याने सार्वजनिक नाचाला परवाना लागू लागला, आणि पाद्री व पोलीस यांनी घरगुती नाचांवरही त्याचा बडगा उगारला. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर हजारो आयरिश तरुण पोटासाठी इंग्लंडात आले. कोणी बांधकामावर राबला, कोणी परिचारिका झाली. राहायला भाड्याची खोली. तिथे रात्री फिडल काढायची सोय कुठली? मग कॅम्डन टाउन, केंटिश टाउन, हॉलोवे इथले पब हेच त्यांचे माजघर झाले.

1950 च्या दशकात कॅम्डन टाउनच्या 'बेडफर्ड आर्म्स'मध्ये स्लायगोचा मायकेल गोर्मन फिडल वाजवी आणि रस्त्यांवर, जत्रांत गाऊन पोट भरलेली मार्गारेट बॅरी बँजोवर गाई. हॉलोवेच्या 'द फेव्हरिट' पबातल्या रविवारच्या बैठकींची तबकडी 1968 मध्ये निघाली. तिचे नाव 'पॅडी इन द स्मोक'. पॅडी म्हणजे आयरिश माणसाला पडलेले टोपणनाव, आणि स्मोक म्हणजे धुरकट लंडन. त्या दोन शब्दांत सारी कहाणी आली!

मला आपले गिरणगाव आठवले. कोकणातला चाकरमानी पाळी संपवून गाववाल्यांच्या खोलीवर येई, टाळ-मृदंग निघत, आणि तेवढ्यापुरती मुंबई नाहीशी होई. तिथे तरी श्रोता आणि गायक वेगळे कुठे होते?

तबकडी घरबसल्या ऐकता येते. पण वादकाचा श्वास, चुकलेली सुरावट आणि तीवरचे हसू तिच्यात कितीसे सापडणार? कायद्यालाही हे उशिरा उमगले. 2012 च्या कायद्याने इंग्लंड-वेल्समधल्या पबात सकाळी 8 ते रात्री 11 ध्वनिवर्धकाशिवाय वाजवायला निराळा परवाना लागेनासा झाला. पण तोवर कितीतरी पब बंद पडले होते, आणि अजूनही पडत आहेत. पब गेला की ते टेबलही जाते.

माझ्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ बसले होते. पेल्यावरचा फेस केव्हाच विरला होता. बोटे मात्र टेबलावर ताल धरून होती. निघताना मी विचारले, "आपले गाव कोणते?"

"मेयो," ते म्हणाले. मग त्याच टेबलावर बोट टेकवून जरासे हसले, "आणि रविवारी, हे."