जनुका, गप्प बस ना!

व्हायरस म्हटलं की आपण एक तर सिक लीव्ह टाकतो, नाहीतर आयटीवाल्याला फोन लावतो. पण जगभरातल्या लॅब्जमध्ये याच व्हायरसला चक्क कुरियर बॉयची नोकरी लागलीये. पार्सल पोचवायचं माणसाच्या पेशीत. आतला निरोप एका ओळीचा: अमुक जनुक गप्प करा.

गप्प कशाला? ऑफिसात एखादा माणूस नक्की काय काम करतो, हे तो रजेवर गेला की कळतं. जनुकांचंही तसंच. माणसात प्रोटीन बनवणारी सुमारे २०,००० जनुकं आहेत. एकेकाला रजेवर पाठवायचं आणि कुठलं काम अडतंय ते बघायचं.

फंडा सिंपल आहे. जनुक ही ओरिजिनल फाइल. पेशी तिची आरएनए नावाची कॉपी काढते आणि त्या कॉपीवरून प्रोटीन बनवते. ओरिजिनलला हात न लावता कॉप्याच फाडल्या तर? जनुक जागेवर, पण त्याची बोलती बंद! अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी १९९८ साली एका छोट्याशा कृमीत ही युक्ती उलगडली आणि २००६ साली नोबेल मिळवलं. आरएनएचे लांब दुहेरी तुकडे माणसाच्या पेशीत टाकले की ती व्हायरसचा हल्ला समजून खवळते. थॉमस टुशल यांच्या टीमने २००१मध्ये २१ अक्षरांचे छोटे तुकडे वापरून हाही प्रश्न सोडवला. अडचण एकच उरली. पेशी विभागत गेल्या की काही दिवसांत असर ओसरतो.

इथे व्हायरसची एन्ट्री. रेट्रोव्हायरस आपला मजकूर थेट पेशीच्या डीएनएत चिकटवतो. त्याची स्वतःची पिल्लावळ वाढवणारी जनुकं काढून टाकायची आणि जागी हेअरपिनसारखा दुमडणारा आरएनए बनवायची सूचना भरायची. मग पेशीच्या लेकी-नातींनाही ती वारशाने मिळते. एचआयव्हीपासून बनवलेले असे वाहक तर विभागणी थांबलेल्या न्यूरॉन्समध्येही शिरतात.

ॲमस्टरडॅममध्ये रुव्हेन आगामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली जे केलं, ते मला सॉलिड वाटतं. माणसाच्या स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या पेशींत के-रास हे जनुक बिघडलेलं होतं. बिघाड किती? एका अक्षराचा! त्यांच्या व्हायरसने फक्त बिघडलेल्या के-रासला गप्प केलं, चांगल्याला सोडलं. त्या पेशींची उंदरांमध्ये गाठ बनवायची ताकदच गेली. म्हणजे हा कॅन्सर त्या एका बिघाडाच्या जिवावर उभा होता.

पण बॉस, इथेच सावध व्हायचं. ‘पहिला निकाल आला की आम्ही पार्टी करत नाही, संशय घेतो,’ अशाच एका लॅबमध्ये पीएचडी करणारी माझी मैत्रीण सांगते. हेअरपिन कधी कधी मिळत्याजुळत्या दुसऱ्या जनुकाच्या कॉप्याही अडवते. म्हणून एकाच जनुकासाठी दोन वेगवेगळ्या हेअरपिन वापरायच्या. कुठल्याच जनुकाला न लागणारी एक डमी ठेवायची. शेवटी तेच जनुक, हेअरपिनला ओळखू येणार नाही अशा स्पेलिंगमध्ये परत द्यायचं. पेशी पूर्ववत झाली, तरच मानायचं.

हा नुसता काटेकोरपणा नाही. स्टॅनफर्डमध्ये २००६ साली अशा ४९ हेअरपिन दुसऱ्या एका व्हायरसमधून उंदरांच्या यकृतात पाठवल्या. ३६ हेअरपिननी यकृताला इजा केली, २३ तर जीवघेण्या ठरल्या. पेशीची स्वतःच्या छोट्या आरएनएंसाठी जी यंत्रणा असते, तीच या गर्दीने जाम झाली होती. पार्सलं इतकी आली की घरचं टपालच अडकलं.

आता क्रिस्परने जनुकाचा गेमच संपवता येतो. पण काही जनुकांशिवाय पेशी मरतेच. तिथे स्विच बंद करून कसं चालेल? आवाज कमी करायचं बटण हवंच. औषध तरी कुठे जनुक खोडतं? तेही बहुतेकदा आवाजच कमी करतं. म्हणून हे छोटे कुरियर अजून कामावर आहेत.

एखाद्याला गप्प करणं सोपं असतं. नेमका तोच गप्प झालाय आणि बाकीचे नीट काम करताहेत, हे दाखवण्यात खरं सायन्स आहे. पेपरात ‘अमुक आजाराचं जनुक सापडलं’ असं वाचलंत, की मनात एवढंच विचारा: दुसरी हेअरपिन काय म्हणाली?