उद्याची हाजरी

सकाळी 6. जानेवारी 2024. चांदूर रेल्वेत कापसाचा हंगाम भरात आहे. दार उघडलं तर ओट्यावर एक बाई बसलेली, डोक्याला फडकं, मांडीवर डबा. जिनिंगमध्ये कापसातला काडीकचरा निवडते. सोबतच्या गड्याला त्याच कामाची मजुरी जास्त, हिला कमी. "ताई, अर्ज लेहा, पण माहं नाव नका टाकू. मुकडदमाले समजलं तं उद्या मले कामावर कोन घेईन?" मी चहा ठेवेपर्यंत ती निघालीही. उशीर झाला तर दिवस बुडतो.

सकाळी 9. अर्जाचा मसुदा. 1976 चा समान वेतन कायदा बायांच्या बाजूने स्वच्छ बोलतो. पण तक्रार केली म्हणून काम बंद झालं तर तिला लगेच परत घ्या, असं सांगणारं कलम त्यात नाही. निनावी अर्जाला वजन नाही आणि नाव घातलं तर चूल विझते.

दुपारी 12. पोहऱ्याच्या जंगलातून एसटीने अमरावती, औद्योगिक न्यायालय. तक्रारीचा सूड म्हणून कामावरून काढणं ही 1971 च्या राज्याच्या कायद्यात अनुचित प्रथा आहे. दाद मागायला मुदत 90 दिवस. पण मालकाने 'ही माझी कामगारच नाही, मुकादमाची आहे' एवढं म्हटलं की गाडं अडतं. कल्याणी स्टील्स आणि सिप्लाच्या खटल्यांत 2001 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, आधी नातं वेगळीकडे सिद्ध करा, मग इकडे या. आमच्या बायांजवळ ना हजेरीकार्ड, ना पगारचिठ्ठी. शिवाय त्यांना कोणी काढतही नाही. मुकादम फक्त बोलावत नाही. न बोलावण्याचा कागद कुठून आणायचा?

दुपारी 3. जिल्हाधिकारी कार्यालय. दुकानात काम करणाऱ्या एका मुलीची लैंगिक छळाची तक्रार. दहापेक्षा कमी माणसं असली की 2013 च्या कायद्यानुसार स्थानिक समितीकडे यावं लागतं. चौकशी चालू असताना बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा मिळू शकते. चार माणसांच्या दुकानात बदली कुठे करणार? मला याचा संताप येतो. याच जिल्ह्यात, हरिसालला, 25 मार्च 2021 रोजी वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी जीव दिला. वरिष्ठाकडून होणारा छळ वर सांगूनही दाद मिळाली नाही, असं त्यांनी पत्रात लिहून ठेवलं होतं. अंगावर वर्दी असलेल्या बाईची ही गत.

रात्री 8. सकाळची बाई परत आली, केसांत रुईचे तंतू तसेच. अर्ज आज धाडायचा नाही असं ठरलं. तिच्या मुलीच्या वहीत रकाने आखून दिले: तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, मजुरी, सोबत कोण होतं. मुलगी रोज लिहील. पाळीतल्या आणखी बाया सहीला तयार झाल्या तर सगळ्यांचा अर्ज एकत्र जाईल. "रविवारी चौघी-पाचजणींले घेऊन येतो," म्हणाली.