गाणारा आणि गाणं शिकवणारा

उत्तम गाणारा उत्तम शिकवीलच, असं नाही. शिकवणं हा वेगळा हुन्नर आहे आणि तोही शिकावाच लागतो. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी हे शतकापूर्वीच ओळखलं. १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि संगीतशिक्षक घडवण्यासाठी खास ‘उपदेशक वर्ग’ चालवला. त्यांचे शिष्य ओंकारनाथ ठाकूर १९१६मध्ये त्याच लाहोरच्या विद्यालयाचे प्राचार्य झाले.

अशा वर्गात शिक्षकांनी शिकायचं तरी काय? उस्तादांपुढे एखादाच शागीर्द बसतो. शाळेत समोर चाळीस मुलं असतात. तेव्हा पट्टी मुलांच्या गळ्याची धरायची, आपल्या सोयीची नव्हे. बारा-चौदा वर्षांच्या मुलग्यांचा आवाज फुटतो. त्या दिवसांत त्यांना वरच्या सुरांत ताणायला लावू नये. ताल, मात्रा, ऐकणं यांवर भर द्यावा. सूर न लागणाऱ्या मुलाला गप्प बसवू नये. त्याला एकच सूर पुन्हापुन्हा ऐकवावा, मग हळूच गुणगुणायला सांगावं.

मी कवी, गवई नव्हे. पण आमच्या भवानी पेठेत घरी तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी बोलणारी मुलं शेजारीशेजारी वाढतात. कवितेतला ‘ळ’ उर्दू बोलणाऱ्या घरातल्या मुलाला सवयीनं येतो. ‘सा’ मात्र कुठल्याच घराला परका नाही. अशा वेळी ‘तुला गळाच नाही’ हे मास्तरांचं एक वाक्य मूल जन्मभर उराशी बाळगतं. ते वाक्य तोंडातून जाऊ न देणं, हा शिक्षकाच्या प्रशिक्षणातला पहिला धडा असायला हवा.