विश्लेषण : उपासमारीतही कशा तगतात पित्तनलिकेच्या कर्करोगपेशी?

‘साखर बंद करा, कर्करोग उपाशी मरेल’ असा संदेश व्हॉट्सॲपवर अधूनमधून फिरत असतो. पित्तनलिकेच्या कर्करोगाला तो लावून पाहिला की त्यातला फोलपणा लक्षात येतो. कारण या पेशी टंचाईतच वाढतात.

हा कर्करोग नेमका कुठला?

यकृतात तयार होणारे पित्त लहान आतड्यापर्यंत नेणाऱ्या नळ्या म्हणजे पित्तनलिका. त्यांच्या अस्तरात होणारा कर्करोग म्हणजे कोलँजिओकार्सिनोमा. (बोलताना आपण ‘पित्त झाले’ म्हणतो ते आम्लपित्त, त्याचा इथे संबंध नाही. पित्ताशयाचा कर्करोगही वेगळा.) सुरुवातीला लक्षणे जवळपास नसतात. कावीळ दिसू लागते तेव्हा अनेकांच्या बाबतीत शस्त्रक्रियेची वेळ टळून गेलेली असते.

टंचाई कसली?

या गाठीभोवती घट्ट, तंतुमय ऊतींचे जाळे असते. रक्तपुरवठा तुटपुंजा, त्यामुळे ऑक्सिजनही कमी. निरोगी पेशी ऑक्सिजनच्या मदतीने ग्लुकोजच्या एका रेणूपासून एटीपी या ऊर्जारेणूचे सुमारे ३० रेणू मिळवते. ऑक्सिजनविना हाती लागतात फक्त २. कर्करोगपेशी मात्र ऑक्सिजन असतानाही बऱ्याचदा हाच उधळपट्टीचा मार्ग धरतात, हे जर्मन शास्त्रज्ञ ओटो वॉरबर्ग यांनी १९२०च्या दशकात दाखवले. ऊर्जा कमी मिळाली तरी नव्या पेशी बांधण्यासाठी कच्चा माल भरपूर मिळतो, हा त्यातला फायदा. पेट स्कॅनमध्ये गाठ ‘चमकते’ ती याच ग्लुकोजच्या हावरेपणामुळे.

मग साखर तोडली तर?

आहारातून साखर गेली तरी यकृत प्रथिनांपासून ग्लुकोज तयार करतेच. शिवाय ग्लुकोज कमी पडले, तर या पेशी ग्लुटामाइन हे अमिनो आम्ल किंवा मेदाम्ले वापरू लागतात. चूल तीच, सरपण बदलले! उपासमार होते ती रुग्णाचीच, आणि अशक्त रुग्णाला केमोथेरपी झेपत नाही.

मग या चयापचयावर घाव घालताच येत नाही?

येतो, पण नेमक्या जागी. यकृताच्या आतील पित्तनलिकांच्या कर्करोगात दहापैकी साधारण एक-दोन रुग्णांमध्ये ‘आयडीएच-१’ या जनुकात बिघाड आढळतो. या जनुकापासून बनणारे विकर एरवी पेशीच्या ऊर्जानिर्मितीला हातभार लावते. बिघाडानंतर ते ‘२-हायड्रॉक्सीग्लुटारेट’ नावाचे भलतेच रसायन तयार करू लागते. हे रसायन साचले की जनुकांची उघडझाप करणारी यंत्रणा अडते. पेशी परिपक्व होत नाही, नुसती विभागत राहते.

आयव्होसिडेनिब ही गोळी नेमके हेच बिघडलेले विकर रोखते. अमेरिकेत ऑगस्ट २०२१ मध्ये तिला या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. चाचणीत आजार पुन्हा वाढेपर्यंतचा मध्यक काळ १.४ महिन्यांवरून २.७ महिन्यांवर गेला. आकडा निराश करणारा आहे, हे खरेच. पण त्या सरासरीआड दडलेली गोष्ट अशी, की गोळी घेणाऱ्यांपैकी ३२ टक्के रुग्णांचा आजार सहा महिन्यांनंतरही वाढला नव्हता. प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी, घेणाऱ्यांत असे कोणीच नव्हते.

पेशी यातूनही निसटतात?

काही रुग्णांमध्ये निसटतात. आयडीएच-१ चा मार्ग बंद झाल्यावर त्याच्या जोडीदार जनुकात, आयडीएच-२ मध्ये, बिघाड होऊन तेच रसायन पुन्हा तयार होऊ लागल्याचे दिसले आहे. म्हणून दोन्ही विकरांना एकाच वेळी रोखणाऱ्या औषधांचा शोध सुरू आहे.

गोळी सर्वांना चालते?

नाही. आधी गाठीच्या तुकड्याची जनुकीय तपासणी लागते आणि बिघाड सापडला तरच गोळीचा उपयोग. ईशान्य थायलंडमध्ये या कर्करोगाचे प्रमाण जगात सर्वाधिक आहे. गोड्या पाण्यातले कच्चे मासे खाल्ल्याने पोटात जाणारा यकृतकृमी हे तिथले मुख्य कारण. या कृमीमुळे होणाऱ्या कर्करोगात आयडीएच-१ चा बिघाड क्वचितच आढळतो, त्यामुळे तिथल्या बहुतांश रुग्णांना ही गोळी निरुपयोगीच.