तेलाची चमक, खराऱ्याची चमक

दिवाळीच्या सुमारास सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजला घोडेबाजार भरतो. मारवाडी, काठियावाडी, पांढरेशुभ्र नुकरे उन्हात झळाळत असतात आणि गिऱ्हाईक भाळतं ते त्या झळाळीवरच. घोडा तेल चोळल्यानेच चमकतो, हा समज तिथूनच पक्का होतो. तळहात केसांच्या उलट दिशेने फिरवून पाहावा. हात चिकट आला तर ती चमक बाटलीतली.

खरी चमक कातडीतल्या ग्रंथींच्या तेलाची. खरारा गोल गोल फिरवला की मळ आणि मेलेले केस सुटतात. मग मऊ ब्रश केसांच्या दिशेने ओढला की ते तेल केसभर पसरतं. जंत झालेल्या किंवा चारा कमी पडलेल्या घोड्याला मात्र खराराही चमकवू शकत नाही. वरून चोळलेल्या तेलावर आपल्याकडची धूळ बसते ती वेगळीच. रोज साबणाने आंघोळ घालणारेही हेच अंगचं तेल धुऊन टाकतात. घाम काढायला साधं पाणी पुरतं. खोगिराखालचा फेस पाहून घोडा मळलाय असं वाटतं, पण घोड्याच्या घामात लॅथरिन नावाचं प्रथिन असतं, फेस त्याचा.

‘तापलेल्या घोड्यावर गार पाणी ओतलं की अंग धरतं’ हे तर तबेल्यातलं ब्रह्मवाक्य. 1996च्या अटलांटा ऑलिंपिकआधी तिथल्या उकाड्याच्या धास्तीने यावर अभ्यास झाला आणि तापलेल्या घोड्याला गार पाण्याने भराभर थंड करणं सुरक्षित ठरलं. सोलापूरच्या मे महिन्यात तर अंगावर सतत पाणी ओतत राहणं हाच उपाय.

शेपटीचं खूळ सगळ्यात मोठं. जमिनीला टेकली म्हणजे जातिवंत, आणि रोज विंचरली की वाढते! विंचरण्याने केस वाढत नाही, तुटतो, आणि तुटलेला लांब केस पुन्हा तेवढा व्हायला वर्षं जातात. मागे नव्हे, बाजूला उभं राहून शेपटी हातात घ्यावी, गुंता बोटांनी सोडवावा, टोकापासून वर सरकत. फणी त्यानंतर. आयाळीचंही तसंच. याउलट कुणी नीटनेटकेपणासाठी शेपटी आखूड कापतात. चावऱ्या माश्या हाकलायला घोड्याचं ते मोठं हत्यार, आणि सर्रा हा रोग याच माश्या पसरवतात.

तोंडावरच्या लांब मिश्यांनाही कात्री लावू नये. नाकाखालचं त्याला दिसत नाही, ते तो मिश्यांनी चाचपतो. एफईआय या आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाने त्या कापलेल्या घोड्यांना 1 जुलै 2021पासून आपल्या स्पर्धांत बंदी केली.

भोवऱ्यांवरून सौदे मोडतात, त्याबद्दल एवढंच: भोवरा म्हणजे केसांची दिशा बदलण्याची जागा, ती जन्माआधीच ठरते, मालकाच्या घराचं बरंवाईट त्यात नसतं. पांढऱ्या रंगातही तसलं काही नसतं. बरेच पांढरे दिसणारे घोडे जन्मतः गडद असतात, वयाबरोबर पांढरे होतात. कातडी काळीच राहते. नुकऱ्याची कातडी मात्र गुलाबी, म्हणून त्याचं नाक उन्हाने भाजतं. त्याला सावलीतच बांधावं.

बाजारात शेजाऱ्याचा खरारा मागून घ्यायची पद्धत आहे. नायटा याच वाटेने एका घोड्यावरून दुसऱ्यावर जातो. खरारा आपलाच असावा, आणि खोगीरही.